डोंगराकडे ओढणारी गाडी

थांबा, मला कपडे वाळत घालायची काठी समजू नका. दिसते मी तशीच, आणि मधली काही वर्षं माझ्या अंगावर लुंग्या आणि मोजे वाळलेही आहेत. पण माझा मूळ धंदा मापाचा. डोंगरात चालणाऱ्या गाडीची पुढची दोन चाकं एकमेकांच्या सोबतीनं चालतात की आपापल्या मतानं, हे बघायला मला घडवलं. मी बांबूची मोजकाठी. घाई असेल त्यांनी पुढे व्हावं; जे बसतील त्यांना माझी हकीकत सांगते.

मलेशियात, कॅमेरनच्या डोंगरात, लाय किम सेंग नावाच्या माणसाचा कोबीचा मळा आहे. मळ्याच्या कडेला बांबूचं बेट. तिथून त्यानं मला तोडून आणलं, एक जाड बांबू आणि एक बारीक. दोघांना चुलीवरच्या धुरात वाळवलं, म्हणजे पोखरणारा किडा लागत नाही. मग बारीक बांबू जाडाच्या पोटात सरकवला. दोन्ही टोकांना मोडक्या छत्रीच्या काड्यांची दोन उभी बोटं बसवली आणि मधे ट्यूबच्या रबराची पट्टी गुंडाळली. पट्टी ढिली केली की मी लांबते, आवळली की आहे तिथे थांबते. त्यातून उरलेले बांबूचे तुकडे त्यानं टाकले नाहीत, एका डब्यात ठेवून दिले. या घरात काहीच टाकत नाहीत. ते तुकडे लक्षात ठेवा.

किम सेंगकडे जुनी, टपावर हिरवी ताडपत्री असलेली लँडरोव्हर होती. आमच्याकडे मळ्यातला माल तीच वाहते. चिखल, ओढा, दगड, कशालाही ती नाही म्हणत नाही. पण असल्या वाटांवर आपटून आपटून पुढच्या चाकांची दिशा बिघडते आणि नवा टायर पेन्सिलीसारखा तासून निघतो. शहरात यंत्रावर चढवून चाकं सरळ करून देतात म्हणे. किम सेंगचं म्हणणं, आपली गाडी आपण सरळ करावी.

सरळ करायला सपाट जागा लागते, आणि मळा सगळा पायऱ्यापायऱ्यांचा. सपाट अशी एकच जागा, कोबी बांधायची सिमेंटची फरशी. त्यामुळे कामाची सुरुवात कोबी हलवण्यानं, म्हणजेच घरभराची बोलणी खाण्यानं व्हायची. गाडी फरशीवर आणायची ती पुढेच ढकलत आणायची. मागे रेटली की सांध्यांतला ढिलेपणा उलटा बसतो आणि माप खोटं निघतं. मग एकेक चाक जॅकवर उचलायचं, हातानं फिरवायचं, आणि टायरच्या मधोमध खिळा टेकवून गोल रेघ ओढायची. चाक खाली टेकवून गाडी पुन्हा जराशी पुढे घ्यायची, म्हणजे ती अंग सोडून उभी राहते.

आता माझी पाळी. गाडीच्या पोटाखालून मला आडवं सारायचं, चाकांच्या पुढच्या बाजूला माझी दोन बोटं दोन रेघांना टेकवायची आणि रबर आवळायचं. तसंच उचलून मला चाकांच्या मागच्या बाजूला न्यायचं. तिथे नखाच्या जाडीएवढी फट राहिली तर ठीक; चाकं पुढून किंचित जवळ आहेत, संसार बरा चाललाय. फट जास्त असली तर दोघं एकमेकांत नाक खुपसतायत. फटच नसली, मी मावतच नसले, तर तोंडं फिरवून बसलेत. मग दोन चाकांना जोडणारी आडवी सळई पाना लावून फिरवायची. तिच्या दोन टोकांचे आटे उलटसुलट असतात, त्यामुळे ती एका बाजूला फिरवली की लांबते, दुसऱ्या बाजूला फिरवली की आखडते. फिरवा, गाडी पुढे घ्या, पुन्हा मोजा. दुपार यातच जायची.

या धंद्यात मी माणसं फार पाहिली. शेजारच्या दोघा मळेवाल्यांचा बांधावरून वाद झाला तेव्हा मला बोलावलं होतं. एकानं मोजलं तर बांध त्याच्या हद्दीत निघाला, दुसऱ्यानं मोजलं तर दुसऱ्याच्या. माझी लांबी तीच होती हो. पण प्रत्येक जण मला पुढे ठेवताना एक बोट आपल्या बाजूला घसरवत होता. माणूस मोजायला येतो तो बहुतेक वेळा उत्तर खिशात घालूनच येतो. मला आवडतात ती दुसरी माणसं, ज्यांना खरंच माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचं असतं.

असं एक माणूस त्या घरात सून होऊन आलं. योक लान तिचं नाव. तिच्याबरोबर माहेरचं कपाट आलं. दारातून ते जाणार की नाही यावर सासू म्हणाली जाईल, हमाल म्हणाले जाईल, नवरा वेंग होई म्हणाला बघू. नव्या नवरीनं भिंतीला टेकवलेल्या मला उचललं, आधी दार मोजलं, मग कपाट मोजलं आणि हळूच म्हणाली, "नाही जाणार." कुणी ऐकलं नाही. कपाट चौकटीत अडकलं, चौकट काढावी लागली. सासरा तेव्हा खूप हसला होता. "मोजून बोलते ही," म्हणाला. त्या घरातली तिची ती पहिली शाबासकी, आणि बरीच वर्षं शेवटचीही.

एक गोष्ट मात्र मला कळली नव्हती, ती सांगून ठेवते. एरवी मला चाकांमध्ये आडवं घालायचे. पण योक लान यायच्या खूप आधी एकदा किम सेंगनं मला गाडीच्या कुशीला उभं लावलं, मागच्या चाकाच्या मध्यापासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंत. पार टोकापर्यंत खेचलं मला. आतला बांबू बाहेर पडेल की काय असं वाटलं. मोजलं, गाडीखाली शिरला, बराच वेळ भोक पाडण्याचा आणि कानशीचा आवाज आला, बाहेर येऊन पुन्हा मोजलं. त्याच्या बाहीवर सुतकाचा कापडी तुकडा होता. मी लांबी सांगू शकते, कारण नाही. पण तेव्हापासून मला चुटपुट होती, हा मोजत होता तरी काय?

पुढे त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. शस्त्रक्रियेला तो तयार होईना. गाडी मुलाकडे गेली, मग मुलगा कामासाठी सिंगापूरला गेला. जाताना बायकोला किल्ली देऊन गेला. म्हाताऱ्याला ते रुचलं नाही, पण दुसरं होतं कोण? मला मात्र कुणी विचारेना. माझी रवानगी कपडे वाळत घालायला झाली.

नेमकी त्याच सुमाराला माल गोळा करायची शेड हलली. आधी ती खाली नदीच्या पुलापाशी होती. माल भरून उतरायचं आणि रिकामं चढायचं. आता मोठे ट्रक वरच्या सडकेला येतात, म्हणून शेडही वर कड्यावर गेली. योक लान भरलेली गाडी घेऊन चढायची आणि रिकामी उतरायची. चढताना गाडी डावीकडे ओढायची. आमच्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात, आणि चढताना डावीकडे काय आहे, तर दरी.

ती सासऱ्याला सांगायची, "पा, गाडी डावीकडे ओढते."

"ओढू दे. हात घट्ट धर."

"उतरताना काही त्रास नाही. चढतानाच होतो."

"तेच म्हणतो मी. गाडी बिघडलेली असती तर दोन्हीकडे बिघडली असती. तू ओझ्याला घाबरतेस, आ-लान."

खरं सांगते, मलाही ते पटलं. हिशेब बिनचूक दिसत होता. मग एका सकाळी लाल छपराच्या देव्हाऱ्यापाशी, जिथे येणारेजाणारे सुपारी आणि सिगारेट ठेवतात, तिथे गाडीचं डावं चाक कडेच्या मातीवर गेलं. कशीबशी तिनं ती सावरली. मागचे दोन क्रेट मात्र दरीत गेले. ही बातमी तिच्या आधी घरी पोचली.

म्हातारा पेज जेवत होता. वाटी खाली ठेवून म्हणाला, "रविवारपासून लॉयचा मुलगा गाडी चालवेल. तुझा हात कोबी कापायला चांगला आहे."

लॉय म्हणजे किम सेंगचा धाकटा भाऊ, फार पूर्वी वारलेला. त्याचा मुलगा आता जाणता झाला होता आणि स्टेअरिंगसाठी आसुसलेलाच होता. त्या गाडीमुळे योक लान चार माणसांत जायची, भाव ऐकायची, शेडवरच्या बायकांबरोबर कॉफी प्यायची. किल्ली गेली की दिवसभर ती फरशी आणि तो सुरा. आणि त्याहून लागलं होतं ते वेगळंच. आपला हात वाईट आहे की गाडी, हे तिला कळतच नव्हतं, आणि न कळता हार मानणारी ती नव्हती.

ती अंगणात आली, माझ्यावरचे कपडे काढले आणि फरशीवरचे कोबी हलवायला लागली.

खालच्या वळणावर मुनियांडी नावाचा वेल्डिंगवाला आहे. आसपासच्या साऱ्या गाड्या तोच जोडतो. योक लान त्याला अण्णे, म्हणजे दादा, म्हणायची; त्याला तिनं बोलावून घेतलं. तो आला, पोटावर हात फिरवत म्हणाला, "तौकेंना, मालकांना न विचारता? मला या घरची कॉफी पुन्हा मिळायची नाही."

"अण्णे, कॉफी मी करते, ते नाही."

मग दोघं लागले. खिळ्यानं रेघा ओढल्या, मला पोटाखालून सारलं. किती वर्षांनी माझ्या बोटांना टायर लागला! चाकं नाक खुपसून होती खरी. सळई फिरवून नखाएवढी फट आणली. योक लान एक चक्कर मारून आली, गाडी डावीकडेच. दोन्ही टायरांतली हवा सारखी केली, तरी डावीकडे. डावा टायर उजवीकडे आणि उजवा डावीकडे घातला, तरी डावीकडे. चाक उचलून फिरवलं, ब्रेक कुठे धरून ठेवत नव्हता. मुनियांडी घाम पुसत म्हणाला, "बये, माझी विद्या संपली. तौके म्हणतात तेच खरं असेल."

"असेलही," ती म्हणाली. तिला राग आला नाही. ती पाण्याचा पाइप घेऊन चाकांवरचा चिखल धुवायला लागली. गाडी परत तरी धुऊन द्यावी, एवढंच तिच्या मनात असावं.

धुता धुता ती थांबली. उजव्या चाकामागे, टायर आणि मडगार्ड यांच्या मधल्या जागेत तिनं बोटं घातली. चार बोटं आरामात गेली. उठून डाव्या बाजूला आली. तिथे तीन बोटं जेमतेम, आणि मडगार्डच्या कडेवर टायर घासून घासून आरशासारखा डाग पडलेला.

तिनं मला उचललं आणि गाडीच्या कुशीला उभं लावलं. दुसऱ्यांदाच तसं कुणी मला खेचत होतं. उजवीकडे मागच्या चाकाच्या मध्यापासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंत, पट्टी घट्ट. तीच मी डावीकडे. तिथे मी पुढे उरले. अंगठ्याच्या जाडीइतकी.

"पुढचा एक्सल तिरका बसलाय," मुनियांडी म्हणाला. "डावं चाक मागे आहे. म्हणजे गाडी डावीकडे ओढणारच. कुठे तरी आपटून सरकला असेल. तुमच्याच हातून," आणि मग जीभ चावली.

ती गाडीखाली शिरली. एक्सल जिथे स्प्रिंगच्या पाट्यांवर बसतो तिथला कित्येक वर्षांचा चिखल आणि ग्रीस खरवडून काढला. पाटे जागेवर धरणारा खिळा एका भोकात होता, आणि त्याच्या पुढेच दुसरं भोक, बुजवलेलं. ज्या भोकात खिळा होता त्याच्या कडा कानशीनं गोल केलेल्या.

"अण्णे, आपटून पडलेल्या भोकाला कानस कोण मारतं?"

मुनियांडी आडवा होऊन बघायला लागला. तिनं बुजवलेल्या भोकातला बूच पक्कडीनं ओढून काढला. बांबूचा होता, धुरात वाळवलेला, तपकिरी. बाहेर येऊन तिनं तो माझ्या टोकाशी धरला. तोच रंग, तीच शीर. माझाच तुकडा होता तो, डब्यातला. इतकी वर्षं माझं भावंड गाडीच्या पोटाखाली चिखल खात बसलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

ती बूच घेऊन घरात गेली. जाताना मला खांद्यावर टाकलंच होतं, म्हणून पुढचं मी ऐकलं.

म्हातारा खिडकीपाशी बसला होता. तिनं बूच त्याच्या तळहातावर ठेवला. डोळ्यांनी त्याला फारसं दिसत नव्हतं. बोटांनी चाचपला, वास घेतला.

"हा कुणी काढायला सांगितला?" मग म्हणाला.

"पा, तुम्ही घातलात ना?"

मग त्यानं सांगितलं. लॉय माल घेऊन उतरत होता. आदल्या दिवसापासून जागा होता. त्याच्या गाडीची चाकं या दोघा भावांनी आठवड्यापूर्वीच मिळून सरळ केली होती. पुलाआधीच्या वळणावर त्याचा डोळा लागला.

"गाडी सरळ होती, म्हणून सरळ गेली. पलीकडे, दरीत. जरा डावीकडे ओढणारी असती तर डोंगराला घासून थांबली असती. पत्रा गेला असता, माणूस राहिला असता." बूच त्यानं मुठीत धरला. "म्हणून ही मी डोंगराकडे ओढती केली. वेंग होईलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं सरळ केली असती."

योक लान त्याच्या पायाशी बसली. आवाज अजिबात न चढवता तिनं विचारलं, "पा, भरलेली गाडी आता कुठे जाते?"

"शेडवर."

"शेड कुठे आहे?"

"पुलाप..." म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. शेड हलल्याचं त्याला माहीत नव्हतं असं नाही. रोज ऐकत होता. पण डोळे गेल्यापासून तो गाडीत बसला नव्हता. त्याच्या अंगात अजून उताराचाच रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर डावीकडे नेहमी डोंगरच असायचा.

"उतरताना रिकामी गाडी डोंगराकडे ओढते, म्हणून त्रास वाटत नाही. चढताना डावीकडे काय येतं, पा?"

म्हातारा फार हळू म्हणाला, "आणि मी लॉयच्या मुलाला बसवणार होतो."

बाहेर मुनियांडीनं पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. म्हातारा उठला, दाराची चौकट धरत अंगणात गेला आणि म्हणाला, "मुनियांडी, एक्सल आवळणारे यू-बोल्ट ढिले कर. एक्सल पुढे घे, जुन्या भोकावर. आ-लान, काठी धर. मी सांगतो तसं नको, तुला दिसतं तसं मोज."

त्या दुपारी मी जितकी सरकले तितकी जन्मात सरकले नसेन. कुशीला उभी लागले, दोन्हीकडे सारखी. मग चाकांमध्ये आडवी, कारण एक्सल हलला की आधीची मापं पाण्यात. पुन्हा रेघा, पुन्हा नखाएवढी फट. शेवटी एक भोक रिकामं उरलं, म्हाताऱ्यानं पाडलेलं. तसंच ठेवलं तर त्यात पाणी आणि चिखल जाणार. जुना बूच त्यात बसेना. म्हाताऱ्याचं भोक मोठं होतं. डब्यातले तुकडे केव्हाच सरपणात गेले होते.

म्हाताऱ्यानं करवत मागितली आणि मला मांडीवर घेतलं. बोटांनी माझं टोक चाचपलं, जिथून त्यानं मला बनवायला सुरुवात केली होती तिथपर्यंत. आणि टोकाची काडी काढून आतल्या बांबूचा चांगला वीतभर तुकडा कापला; काडी नव्या टोकाला बसवली. त्यातला मधला भाग तासून बूच केला आणि स्वतः गाडीखाली शिरून ठोकला. डोळ्यांची गरज पडली नाही. हातांना जागा पाठ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माल भरला. मी सीटच्या मागे होते. पुढे योक लान, आणि तिच्या शेजारी, कितीतरी वर्षांनी, किम सेंग. गाडी चढायला लागली. म्हातारा काही बघत नव्हता, दरवाजाची दांडी धरून गाडी ऐकत होता. देव्हाऱ्याच्या आधी रस्ता थोडा सरळ आहे. तिथे तो म्हणाला, "हात सैल सोड."

"पा, डावीकडे दरी आहे."

"माहीत आहे मला डावीकडे काय आहे. सोड."

तिनं वेग अगदी कमी केला आणि बोटं उघडली, स्टेअरिंगला फक्त तळवे लागतील इतकी. गाडी ना डोंगराकडे वळली, ना दरीकडे. जड ओझ्यानिशी गुरगुरत, सरळ चढत राहिली. देव्हारा मागे गेला. म्हाताऱ्यानं खिडकीतून एक सुपारी बाहेर टाकली, अंदाजानंच.

"सरळ जाते," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "आता ही तुला सांभाळणार नाही, आ-लान. आता झोपायचं नाही."

"नाही झोपणार."

"डोळा जड झाला तर कडेला लावायची. माल सडला तरी चालेल."

"बरं, पा."

रविवारी लॉयचा मुलगा आला तो क्रेट चढवायला. किल्ली योक लानच्या कमरेलाच आहे. म्हाताऱ्यानं डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला होकार दिला. सून चालवते कशी ते बघायचंय, असं लोकांना सांगतो.

माझं म्हणाल तर मी आता सीटमागेच असते. दर हंगामाला चाकांमध्ये आडवी होते, नखाएवढी फट बघते. पण वीतभर कमी झाल्यामुळे कुशीच्या मापाला मी पुरत नाही. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत मला पुन्हा कुणी खेचू शकणार नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझं एक टोक गाडीखाली आहे, भोक बुजवून बसलंय, आणि तिथून त्याला रोज चढाचा आणि उताराचा, असे दोन्ही रस्ते कळतात.

एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी म्हणालं की गाडी एकीकडे ओढते, तर त्याच्या हाताला नावं ठेवण्याआधी एकदा खाली वाका. आणि मोजाल तेव्हा दोन्ही कुशी मोजा. मी नसले तरी चालेल, साधा दोराही चालतो. या आता, योक लान हॉर्न वाजवतेय. माल भरून झाला.